खूर असलेले शिकारी: मेसोनिकिया हा लुप्त गट, त्याचे दात आणि त्याचे नाते

धुऱ्यावरून (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात तुरीच्या वावरात जागलीला गेलो असताना जे पाहिले, त्यावरून हा धागा काढावासा वाटला. आमचे वावर यवतमाळ जिल्ह्यात, जंगलाला लागून आहे. पहाटे पाचच्या सुमारास धुऱ्यापलीकडच्या नाल्यातून काहीतरी कडकड मोडल्याचा आवाज येऊ लागला. तडस असेल असे वाटले, पण बॅटरीच्या उजेडात चार रानडुकरे दिसली. दोन दिवसांपूर्वी मेलेल्या रोह्याच्या (नीलगायीच्या) पोटात त्यांनी तोंडे खुपसली होती, आणि त्यांतले मोठे डुक्कर बरगडीचे टोक मागच्या दाढांखाली घेऊन, मान तिरपी करून ते चावत होते. सोबत असलेले मोठे काका बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "खुराचं जनावर मास खाते, हे काही पटत नाही बाप्पा."

काकांचे म्हणणे मला तेव्हा अगदी रास्त वाटले, कारण आपल्याकडे खूर म्हटले की बैल, बकरी, म्हैस आणि त्यांच्यापुढची कडब्याची पेंढी एवढेच डोळ्यांसमोर येते. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा मेसोनिकिया नावाच्या एका लुप्त गटाचा उल्लेख सापडला. पायांना खूर आणि तोंडात मांस खाण्याचे दात असलेले हे प्राणी डायनोसॉर गेल्यानंतर कोट्यवधी वर्षे शिकार करत होते, असे त्यात लिहिले होते. हे प्राणी आजच्या रानडुकराचे पूर्वज होते काय, आणि देवमासा त्यांच्यापासून झाला असे जे मी कॉलेजात असताना कुठेतरी वाचले होते ते अजून खरे मानले जाते काय, हे जाणकारांनी सांगावे. शक्यतो असे लिहावे की मला काकांना वाचून दाखवता येईल.

गिट्टीखदान

आपला प्रश्न चांगला आहे आणि काकांची शंका त्याहून चांगली आहे, कारण पुराजीवशास्त्रज्ञांनाही हा गट नेमका कुठे बसवायचा, हे ठरवताना जवळजवळ तीच अडचण आली होती. मी भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. जीवाश्मांतले माझे ज्ञान वाचनातले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७२ मध्ये या गटातल्या एका प्राण्याला मेसोनिक्स हे नाव दिले आणि त्यावरून पुढे सगळ्या गटाचे नाव पडले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'मधले नख' असा होतो. गंमत अशी की नावात नख असले तरी पायात नख नव्हतेच. या गटातल्या प्रगत, म्हणजे मेसोनिकिड, प्राण्यांना चार बोटे होती आणि प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड वाघनखासारखे बाकदार आणि टोकदार नसून चपटे, रुंद आणि टोकाशी चिरलेले होते. अशा हाडावर खूरच बसतो. शरीराचा भार तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधून जमिनीवर जात असे. आपला बैल चिखलातून गेला की त्याच्या दुभंगलेल्या खुराचा जो ठसा उमटतो, त्यातली मधली फट ही नेमकी हीच रेषा असते. फरक एवढाच की बैलाची बाजूची दोन बोटे आखडून मागे वर लटकत राहिली, आणि मेसोनिक्सची चारही बोटे जमिनीला टेकत होती.

सुरुवातीची रूपे मात्र इतकी पळणारी नव्हती. डिसाकस हा पॅलिओसीन, म्हणजे डायनोसॉर गेल्यानंतरच्या पहिल्या, काळातला, कोल्ह्याच्या आसपासच्या आकाराचा प्राणी उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया या तिन्ही ठिकाणी सापडला आहे. न्यू मेक्सिकोतला अँकॅलागॉन अस्वलाएवढा होता आणि त्याच्या काळात त्या भागात त्याच्याएवढा मोठा मांसाहारी सस्तन प्राणी दुसरा नव्हता. चीनच्या अनहुई प्रांतातून सिनोनिक्सची उत्तम कवटी मिळाली, तिचे वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या इओसीन काळाच्या आरंभी पॅकिएना आला. त्याची काही हाडे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या बिगहॉर्न खोऱ्यात मिळतात. त्याच्यानंतरचा मेसोनिक्स लांडग्याएवढा होता आणि त्याचे पाय धावण्यासाठी चांगलेच लांब झालेले होते. इओसीनच्या उत्तरार्धात हार्पागोलेस्टेस हा जाड जबड्याचा प्राणी दिसतो. ऑलिगोसीनच्या सुरुवातीला, म्हणजे आजपासून सुमारे ३.३ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, हा सगळा गट संपलेला होता.

रानडुकराचे ते पूर्वज नव्हेत. डुक्कर समखुरी गणातले (गाय, हरीण यांच्यासारखे दुभंगलेल्या खुरांचे) आहे आणि मेसोनिकिया त्या गणाच्या बाहेरचे आहेत. ते बाहेर का काढावे लागले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे, पण आधी दातांबद्दल कोणी लिहिले तर बरे होईल.

शिंगरूमळा

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो, म्हणून जिवंत जनावरांबद्दल जे रोज पाहतो तेवढेच लिहितो.

धुऱ्यावरून भाऊ, काकांना सांगा की गायसुद्धा हाड चघळते. उन्हाळ्यात चाऱ्यात फॉस्फरस कमी पडला की गायी माळावर पडलेली हाडे तोंडात धरून तासन्‌तास चघळतात, कापड आणि चामडेही खातात. त्या हाडाला सडके मांस चिकटलेले असेल तर त्यातल्या विषाने जनावर पाय टाकून बसते आणि दगावते, म्हणून आम्ही खनिज मिश्रण द्यायला सांगतो. चितळसुद्धा हाडे आणि गळून पडलेली शिंगे चघळताना आढळते. तेव्हा खुराच्या जनावराच्या पोटात कधीमधी मांस किंवा हाड जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. नवलाची गोष्ट ही, की एखाद्या गटाने आपले दात त्याच कामासाठी घडवावेत.

रानडुकराची दाढ उघडून पाहिली तर ती वरून चपटी आणि बोथट उंचवट्यांची दिसते, साधारण माणसाच्या दाढेसारखीच, फक्त लांबट. कंद, किडे, हरभऱ्याचे घाटे, उंदीर आणि मेलेले रोही या सगळ्याला ती चालते. कुत्र्याच्या तोंडात मात्र वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ कातरीच्या दोन पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात आणि मांसाचा तुकडा कापतात. कुत्रा हाड खाताना तोंड एका बाजूला का वळवतो, याचे कारण हीच जोडी आहे. मेसोनिकियांचे दात या दोहोंपैकी कशासारखे होते, हे गिट्टीखदान सरांनी सांगावे.

खुराबद्दल एक गोष्ट राहिली. नख आणि खूर यांच्यात द्रव्याचा फरक नसतो, दोन्ही केराटिनचेच. बोटाच्या शेवटच्या हाडाचा आकार जसा असेल तसे त्यावरचे आवरण वाढते. नाल ठोकण्यापूर्वी बैलाचा खूर खरवडतात, तेव्हा निघणारे पापुद्रे आणि आपण कापलेली नखे जाळून पाहिलीत, तर वासही सारखाच येतो.

गिट्टीखदान

शिंगरूमळा यांनी कातरीची उपमा नेमकी दिली आहे, कारण मेसोनिकियांच्या तोंडात तीच कातर नव्हती आणि तिथेच त्यांची सगळी कथा आहे.

त्यांच्या वरच्या दाढा माथ्यावरून पाहिल्या तर त्रिकोणी होत्या आणि त्यांवर तीन जाड, बोथट सुळके होते. खालच्या दाढा अरुंद असून एका रांगेत उभ्या केलेल्या पात्यांसारख्या होत्या; पुढचा सुळका उंच आणि मागचा भाग ठेंगणा. तोंड मिटले की खालची पाती वरच्या त्रिकोणांच्या मधल्या खाचांत जाऊन बसत. अशा रचनेत मांस कातरीसारखे स्वच्छ कापले जात नाही. ते टोचले, दाबले आणि फाडले जाते. प्रौढ प्राण्यांच्या दाढांची टोके बरीच झिजलेली आढळतात, आणि हार्पागोलेस्टेससारख्यांच्या बाबतीत ही झीज हाडे फोडल्याने झाली असावी, असे मानले जाते. कवटीच्या माथ्यावर मागेपर्यंत गेलेला उंच हाडाचा कणा होता. जबडा मिटणारे स्नायू त्यालाच चिकटत. तडसाच्या कवटीवरही असाच कणा दिसतो. मेंदूची पोकळी मात्र शरीराच्या मानाने लहान होती.

एक बाब आणखी लक्षात घ्यावी. पंजा असलेला बिबट्या भक्ष्य पुढच्या पायांनी धरून ठेवतो, पण खुराने काही धरता येत नाही. म्हणून पकडणे, पाडणे आणि मारणे हे सगळे काम मेसोनिकियांच्या जबड्यावरच येत असणार. आजचे लांडगे आणि रानकुत्रेही भक्ष्य मुख्यतः तोंडानेच पकडतात, त्यामुळे केवळ खुरामुळे शिकार अशक्य होते असे म्हणता येत नाही. काकांच्या शंकेला माझे उत्तर हेच आहे: पाय कसा आहे यावरून ते जनावर कोणत्या जमिनीवर आणि कसे चालले ते कळते, ते काय खात होते हे विचारायचे असेल तर तोंड उघडून पाहावे लागते.

डिसाकसबद्दल एक अलीकडचे काम वाचनात आले. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचे तापमान थोड्या काळात झपाट्याने वाढले होते. बिगहॉर्न खोऱ्यातल्या डिसाकसच्या दातांवरचे सूक्ष्म ओरखडे तपासल्यावर असे दिसले की त्या उष्ण काळात हा प्राणी आधीपेक्षा कठीण पदार्थ, बहुधा हाडे, जास्त खाऊ लागला होता. भक्ष्य कमी झाले किंवा लहान झाले की जनावर हाडापर्यंत जाते, असा त्याचा अर्थ लावला गेला. आपण नाल्यात जो कडकड आवाज ऐकलात, त्याचाच हा जुना पुरावा आहे असे म्हणायला हरकत नाही.

धुऱ्यावरून

काकांना वाचून दाखवले. तोंड उघडून पाहावे लागते, हे त्यांना पटले. बैल विकत घेतानाही आपण दातच पाहतो, चाल नंतर, असे ते म्हणाले. आता देवमाशाचे सांगावे.

सरळरेघ

देवमाशाचे सांगण्याआधी माझी एक हरकत नोंदवून ठेवतो. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, पण या विषयावर जे जे वाचतो त्यात दर वीस-तीस वर्षांनी नाते बदललेले दिसते. आधी मेसोनिकिया हेच देवमाशाचे पूर्वज होते, आता ते नाहीत. आधी अँड्र्यूसार्कस हा सर्वांत मोठा मेसोनिकिड होता, आता तोही नाही. सातबाऱ्यावर दर पिढीला वेगळे नाव चढत असेल तर आपण त्या सातबाऱ्यावर विश्वास ठेवतो काय?

गिट्टीखदान

सरळरेघ यांची हरकत टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून दोन्ही प्रश्नांना एकत्रच उत्तर देतो. उत्तर लांबेल.

१९६६ मध्ये ली व्हॅन व्हेलन या अमेरिकी शास्त्रज्ञाने असे मांडले की देवमासे मेसोनिकियांपासून उत्क्रांत झाले असावेत. आधार दातांचा होता. प्राचीन देवमाशांच्या दाढा त्रिकोणी आणि दाबलेल्या असतात आणि मेसोनिकियांच्या दाढा तशाच दिसतात, हे कोणीही शेजारी ठेवून पाहू शकत होते. त्या काळी हे साम्य इतके जवळचे वाटत असे की गोंधळ उलट्या दिशेनेही झाला: १९५८ मध्ये आजच्या पाकिस्तानातल्या गंदा कास भागातून मिळालेल्या इक्थिओलेस्टेस आणि गंडाकासिया या दोन प्राण्यांचे वर्णन मेसोनिकिड म्हणून झाले, आणि पुढे ते दोन्ही आद्य देवमासे निघाले. म्हणजे दात हातात घेऊन तज्ज्ञ माणूससुद्धा फसत होता.

नंतर जनुकांचा पुरावा आला. १९९० च्या दशकात डीएनएची तुलना करणारे एकामागून एक अभ्यास देवमाशाला पाणघोड्याच्या शेजारी बसवू लागले. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी जनुकांमध्ये मध्येच घुसून बसलेले काही विशिष्ट तुकडे तपासले. असा तुकडा एकाच जागी दोन प्राण्यांत योगायोगाने घुसण्याची शक्यता फारच कमी असते, आणि देवमासा व पाणघोडा यांच्यात ते सामाईक निघाले. जीवाश्मांवर काम करणाऱ्या अनेकांना हे तेव्हा मान्य नव्हते, कारण त्यांच्यापुढे दात होते. भांडण मिटण्यासाठी आद्य देवमाशाचा घोटा सापडणे आवश्यक होते.

घोटाच का, ते समजून घ्यावे. बकरीच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक लहान, जवळजवळ चौकोनी हाड असते. त्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना विहिरीवरच्या चाकासारखी खाच असते, आणि त्यामुळे पाय पुढे-मागे सहज झुलतो. घोडा, कुत्रा, माणूस यांच्या याच हाडाला खालच्या टोकाशी अशी खाच नसते. गाय, डुक्कर, हरीण, उंट, पाणघोडा या सगळ्या समखुरींमध्ये ती असते, आणि अन्य कुठल्याही जिवंत गणात ती नाही. मेसोनिकियांच्या घोट्यात ही दुहेरी चाकी पूर्ण झालेली नव्हती. २००१ मध्ये पाकिस्तानातून मिळालेल्या आर्टिओसेटस, रोडोसेटस, पाकिसेटस आणि इक्थिओलेस्टेस या चार पायांच्या आद्य देवमाशांच्या घोट्याची हाडे दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केली, आणि त्यांत दुहेरी चाकी स्पष्ट होती. फिलिप गिंगरिच आणि हान्स थेविसेन हे त्या दोन गटांचे प्रमुख. गिंगरिच यांनी स्वतः अनेक वर्षे मेसोनिकियांचा पक्ष धरला होता, आणि हाड हातात आल्यावर त्यांनी तो सोडला.

यानंतर भारतातला पुरावा आला, आणि तो कसा आला हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी जम्मू भागातल्या कालाकोट येथून गोळा केलेल्या दगडांतून इंडोहायस या प्राण्याचे वर्णन १९७१ मध्ये केले होते, पण त्यांनी आणलेले कितीतरी दगड न फोडताच राहिले आणि त्यांच्या निधनानंतर ते घरीच पडून होते. त्यांच्या पत्नीकडून ते दगड थेविसेन यांच्याकडे गेले. तिथे दगड साफ करताना एका सहायकाच्या हातून कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला, आणि तुटलेल्या कडेवर कानाच्या हाडाची एक भिंत कमालीची जाड असल्याचे दिसले. ही जाड भिंत तोवर देवमाशांची खूण मानली जात होती. २००७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. इंडोहायस हा मांजराएवढा, हरणासारख्या बारीक पायांचा, खुरांचा प्राणी होता आणि त्याचा घोटा समखुरींचा होता. देवमाशाचा जवळचा नातेवाईक म्हणून मोठ्या दातांचा शिकारी शोधत होतो, आणि हाती आला तो पाण्याकाठी वावरणारा हा लहानसा जीव.

आता सरळरेघ यांच्या सातबाऱ्याकडे येतो. मेसोनिकियांचे नाव जुन्या नोंदीतून कोणी मनाला येईल तसे खोडले नाही. ज्या साक्षीदारावर भिस्त होती, त्या दातांपेक्षा जनुके, घोटा आणि कान हे तीन स्वतंत्र साक्षीदार वेगळे बोलले, आणि ते तिघेही एकच बोलले. दातांचे साम्य खरे होते, त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. मासा असो की मांस, निसटता घास टोचून धरणे हे काम एकच असल्यामुळे दोन वेगळ्या घराण्यांत तशाच दाढा घडल्या.

शिंगरूमळा

अँड्र्यूसार्कसचे राहिले, सर.

गिट्टीखदान

बरोबर, राहिले. १९२३ च्या उन्हाळ्यात रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या मध्य आशियाई मोहिमेत कान चुएन पाओ या सहायकाला आतल्या मंगोलियातल्या इर्दिन मान्हा येथे एक प्रचंड कवटी मिळाली. खालचा जबडा नव्हता, पायाचे एकही हाड नव्हते. कवटीची लांबी सुमारे ८३ सेंटीमीटर भरली. जागेवर असलेल्या मंडळींना ती आधी डुकरासारख्या दिसणाऱ्या एंटेलोडॉन गटातली वाटली, पण तिचे रेखाचित्र न्यू यॉर्कला पोहोचल्यावर विल्यम डिलर मॅथ्यू यांनी ती मेसोनिकिडांजवळची ठरवली. हेन्री फेअरफील्ड ऑसबॉर्न यांनी १९२४ मध्ये तिला नाव दिले आणि मेसोनिक्सच्या अंगकाठीवरून हिशेब करून या प्राण्याची लांबी ३.८२ मीटर, खांद्याची उंची १.८९ मीटर असावी असे मांडले. चित्रकारांनी मग त्याला अवाढव्य लांडगा म्हणून रंगवले, आणि ती चित्रे आजही सगळीकडे फिरत असतात.

२००९ मध्ये मिशेल स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी अनेक प्राण्यांची लक्षणे आणि जनुके एकत्र तपासली, तेव्हा अँड्र्यूसार्कस मेसोनिकियांपासून दूर गेला आणि एंटेलोडॉन, पाणघोडा, देवमासा यांच्या बाजूला आला. म्हणजे वाळवंटात उन्हात बसलेल्या माणसांनी पहिल्या नजरेत जे म्हटले होते, तेच बऱ्याच अंशी खरे ठरले. मेसोनिक्सवरून काढलेल्या त्या मापांना अर्थातच आता आधार उरलेला नाही. ऑसबॉर्न यांना मी फार दोष देणार नाही, पण एका कवटीवरून अख्खे जनावर उभे करणाऱ्या चित्रांकडे जपून पाहावे, असे मात्र मी वर्गातही सांगत असे.

वैनगंगाकाठ

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना हे सांगताना दोन अडचणी येतात, त्या मांडते. पहिली अशी, की मेसोनिक्सचे चित्र दाखवले की मुले त्याला लांडग्याचा पणजोबा म्हणतात. दुसरी अशी, की "मग ते मेले कशाने?" हा प्रश्न येतोच, आणि माझ्या जवळच्या एका पुस्तकात एका ओळीत "स्पर्धेमुळे" एवढेच उत्तर आहे. ते मला अपुरे वाटते.

गिट्टीखदान

ताई, लांडग्याबद्दल मुलांना असे सांगून पाहावे: लांडगा, वाघ, अस्वल, मुंगूस आणि तडस या सगळ्यांच्या पूर्वजांकडे शिंगरूमळा यांनी वर्णिलेली कातर-दाढांची जोडी होती. अस्वलाने पुढे ती बोथट करून टाकली, पण खूण उरली. मेसोनिकियांकडे ती कधीच नव्हती. लांडग्यासारखे लांब पाय आणि लांब तोंड त्यांना मिळाले ते लांडग्यासारखे जगल्यामुळे. रक्ताचे नाते असते तर दातांत दिसले असते.

नष्ट होण्याबद्दल "स्पर्धा" हे उत्तर मलाही अपुरे वाटते, जरी ते चूक नसले तरी. डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी गेले, तेव्हा मोठ्या शिकाऱ्याची जागा रिकामी होती आणि तिथे खुरांचे हे घराणे लवकर पोहोचले. पुढे क्रिओडॉन्ट म्हणून ओळखले जाणारे, आता लुप्त झालेले मांसाहारी प्राणी आणि आजच्या मांसभक्षी गणाचे पूर्वज वाढत गेले. त्यांच्याकडे कातर होती, पंजे होते. पण हे तिन्ही गट इओसीनमध्ये कोट्यवधी वर्षे एकत्र राहिले, त्यामुळे एकाने दुसऱ्याला येताक्षणी हाकलले असे म्हणता येत नाही. इओसीनच्या अखेरीस हवामान थंड आणि कोरडे होत गेले, दाट जंगले विरळ झाली, आणि भक्ष्यप्राणीही बदलले. मेसोनिकियांच्या शेवटच्या प्रतिनिधींपैकी मंगोलेस्टेस हा आतल्या मंगोलियातला. बदललेल्या रानात टिकण्याइतकी सवड त्यांच्या दातांत आणि पायांत उरली नव्हती, असे मला वाटते; हा माझा कौल आहे, सर्वांचा नव्हे.

समखुरींच्या नेमके किती जवळ त्यांना ठेवावे, यावरही तज्ज्ञांचे एकमत नाही. भार मधल्या दोन बोटांवर, ही एक खूण दोघांत सामाईक आहे, आणि घोट्याची खूण सामाईक नाही.

धुऱ्यावरून

काल बाजाराच्या दिवशी खाटकाकडून बकरीचा मागचा पाय घोट्यासकट मागून आणला. त्याने आधी संशयाने पाहिले, पण दिला. शिजवून, मांस काढून ते हाड ब्रशने घासले तेव्हा दोन्ही टोकांची चाके अगदी सरांनी लिहिल्याप्रमाणे दिसली; अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवले तर एक टोक नडगीच्या हाडात आणि दुसरे खालच्या हाडात बसून डुलते. काकांनी ते खिशात घालून घेतले आहे आणि पारावर सगळ्यांना दाखवत आहेत. नाल्यातल्या रोह्याची कवटीही आणून शेजारी ठेवावी, असा विचार आहे.

त्यांचा शेवटचा प्रश्न असा, की असले खुराचे शिकारी आपल्या भागात होते काय, आणि असतील तर वावर नांगरताना कधी हाड कसे लागत नाही?

शिंगरूमळा

भाऊ, रोह्याची कवटी आहे तिथेच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राण्याचे हाड-शिंग परवानगीशिवाय घरी ठेवता येत नाही, मग ते मेलेले सापडले असले तरी. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दातांचे काम तेवढ्याने भागते.

गिट्टीखदान

शिंगरूमळा यांचे ऐकावे.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पायाखालीच आहे. यवतमाळची काळी माती ज्या दगडापासून झाली, तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात जी तळी साचली, त्यांच्या गाळात जीवाश्म मिळतात. नागपूरजवळच्या टाकळीचे असे थर स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अभ्यासले, आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही आहे. लाव्ह्याच्या आधीचे थर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे उघडे पडले आहेत. तिथे डायनोसॉरांची हाडे आणि दगड झालेली विष्ठा मिळते, आणि त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण मेसोनिकियांचा भर होता पॅलिओसीन आणि इओसीनमध्ये, आणि त्या काळाचा गाळ विदर्भात साचून टिकलेला नाही. बेसाल्टनंतर आपल्याकडे एकदम पूर्णा-वर्धेच्या काठचा अलीकडचा गाळ येतो. मधली पाने वहीत नाहीत, म्हणून नांगराला हाड लागत नाही. शिवाय पॅलिओसीनमध्ये भारतीय भूखंड आशियापासून तुटलेला, समुद्रातून उत्तरेकडे सरकणारा होता.

तरीही खुरांची एक खूण आपल्यापासून फार लांब नाही. मध्य प्रदेशातल्या डिंडोरी जिल्ह्यात किसलपुरी येथे, लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात, खुरांच्या आद्य सस्तन प्राण्याची एक दाढ मिळाली. जी. व्ही. आर. प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तिचे वर्णन २००७ मध्ये केले आणि प्राण्याचे नाव खारमेरअंग्युलेटम व्हॅनव्हेलेनी असे ठेवले. खारमेर ही तिथली नदी आहे. दुसरा शब्द ज्यांच्या नावावरून आला, ते ली व्हॅन व्हेलन म्हणजे देवमासे मेसोनिकियांपासून झाले असे मांडणारेच गृहस्थ. ही दाढ डायनोसॉरांच्या काळातली आहे, काही मिलिमीटरची आहे, आणि ती मांस खाणाऱ्याची नाही. काकांनी खिशातले बकरीचे हाड पारावर दाखवताना ते जनावर त्याच्याएवढेही नव्हते, हेही सांगावे.